पाऊस आला. पाऊस आला? पाऊस आला!

जूनचा पहिला पंधरवडा. मावळातलं कुठलंही घर. सकाळपासून कोंदलेलं आभाळ एकदाचं फुटतं, पत्र्यावर ताडताड सुरू होते आणि घरातलं सहा वर्षांचं पोर अंगणात धावत सुटतं, "पाऊस आला!" आतून आजी विचारते, "पाऊस आला?" राबात भात पेरून चार दिवस आभाळाकडे डोळे लावून बसलेले आजोबा ओटीवरूनच सांगतात, "पाऊस आला."

शब्द दोनच, तेही तेच. पोराचा आवाज उंच उडाला, आजीचा शेवटी वर चढला, आजोबांचा खाली टेकला. कोण आनंदलं, कोणी विचारलं आणि कोणी नुसतं सांगितलं, हे त्या पोराला कुणी समजावून द्यावं लागत नाही. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच वाक्यांचे प्रकार त्याच्या कानात पक्के बसलेले असतात.

हेच पोर तिसरीत गेल्यावर पावसाच्या दिवसाबद्दल लिहायला बसतं, तेव्हा वहीत साधारण असा मजकूर उतरतो:

काल खूप पाऊस आला आणि मग आम्ही भिजत घरी आलो आणि मग आई म्हणाली कुठे होतास मी म्हणालो ओढ्यावर आणि मग आईने डोकं पुसलं आणि मग भजी केली

शब्द बरोबर, क्रम बरोबर, गोष्टही गोड. हरवला आहे तो आवाज. अंगणात ज्याच्या तोंडून तीन तऱ्हेचे सूर सहज निघतात, त्याच्या वहीत एकच सपाट सूर का? कारण आपण चिन्हं शिकवतो ती तक्त्यावरून. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम अशी नावं आधी पाठ, मग त्यांच्या आकृत्या, मग 'योग्य विरामचिन्हे द्या' हा प्रश्न. मूल प्रश्न सोडवतं, गुण मिळवतं आणि स्वतःचं लिहिताना सगळं विसरतं. हा क्रम उलटा केला, तर काम बरंच सोपं होतं. आधी आवाज, मग खूण, नाव सगळ्यात शेवटी.

आधी कान, मग पेन्सिल

सुरुवातीचा आठवडाभर वही उघडूच नका. वर्गात किंवा घरी एक साधं वाक्य घ्या: 'तू डबा खाल्लास'. एका मुलानं ते सांगायचं, दुसऱ्यानं विचारायचं, तिसऱ्यानं आश्चर्यानं म्हणायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखायचं. पुढच्या फेरीत बोटानं हवेत आवाजाची वाट काढायची. सांगताना बोट खाली येतं, विचारताना वर जातं, उद्गारात उसळी मारतं. मुलांना हे खेळ वाटतात, आणि ते खेळच आहेत.

मग एक दिवस विचारा, "आत्ता तुझा आवाज खाली टेकला. हे कागदावर कसं दाखवशील?" मुलांना आधी स्वतःच्या खुणा काढू द्या. कुणी दगड काढेल, कुणी आडवी काठी, कुणी प्रश्नासाठी आकडा. पाच-सहा खुणा फळ्यावर आल्या की गोंधळ उडतोच: माझी खूण तुला कळत नाही, तुझी मला कळत नाही. इथे खऱ्या चिन्हांची ओळख करून द्या. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या खुणा म्हणजे विरामचिन्हं, एवढी व्याख्या लहान वयात पुरे.

एका एसटीत चारही प्रकार

कामशेतहून पवनानगरला जाणाऱ्या एसटीत बसा आणि कंडक्टरचं बोलणं कान देऊन ऐका. "पवनानगर कोण कोण आहे?" हे प्रश्नार्थी. "पुढे सरका." हे आज्ञार्थी. "माझ्याकडे सुटे पैसे नाहीत." हे विधानार्थी. आणि मधल्या थांब्यावर टोपल्या, पिशव्या घेऊन माणसं चढली की, "अबब, केवढी ही गर्दी!" हे उद्गारार्थी. व्याकरणाच्या पुस्तकातला अख्खा धडा पाच मिनिटांत होतो.

घरी 'कंडक्टर-कंडक्टर' खेळा. पाटाची बस, कागदाची तिकिटं. कंडक्टरनं प्रत्येक फेरीत चारही तऱ्हेची वाक्यं बोललीच पाहिजेत, हा एकच नियम. प्रकार ओळखायला मुलाला व्याख्या सांगू नका, एक प्रश्न विचारा: हे वाक्य ऐकणाऱ्यानं काय करायचं? विधान ऐकून घ्यायचं, प्रश्नाला उत्तर द्यायचं, आज्ञा ऐकून हलायचं, उद्गाराला मान डोलवायची. ही कसोटी सहा वर्षांच्या मुलालाही लागू करता येते.

दोन गोष्टींचा घोळ मात्र मोठ्यांकडूनच होतो. पहिली, होकारार्थी आणि नकारार्थी हे या चारांच्या रांगेतले पाचवे-सहावे प्रकार नव्हेत. ती वेगळी वाटणी आहे. "पुढे सरकू नका" ही आज्ञाही आहे आणि नकारही. दुसरी, आज्ञार्थी म्हटलं की दरडावणी, असा समज. 'ये' आणि 'या', 'बस' आणि 'बसा' हा फरक मूल घरातच शिकतं. मित्राला "डबा घे" आणि आजीला "डबा घ्या". विनंती आणि आशीर्वादही याच घरातले. म्हणून आज्ञार्थी वाक्यापुढे प्रत्येक वेळी उद्गारचिन्ह ठोकायची गरज नाही. साधा पूर्णविराम चालतो.

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात आणि धरणांच्या काठी पाट्यांची कमी नाही. सावकाश जा, पाण्यात उतरू नये, कचरा टाकू नका. पाट्यांवर बहुधा चिन्हं नसतात. सहलीला जाताना मुलांना काम द्या: पाटी वाचायची, ती काय करायला सांगते ते ठरवायचं आणि तिच्यापुढे कुठलं चिन्ह शोभेल ते सांगायचं. 'उतरू नये' याला मोठ्या वर्गात विध्यर्थी म्हणतात. लहानांना 'सूचना' एवढं नाव पुरतं.

टिंबाचा कारभार

इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाला वाक्याच्या दोन खुणा मिळतात: सुरुवातीला मोठं अक्षर आणि शेवटी टिंब. देवनागरीत मोठं अक्षर नाही. नवं वाक्य सुरू झालं हे सांगायला आपल्याकडे एक टिंब, एवढंच. ते सुटलं की दोन वाक्यं एकमेकांत घुसतात. म्हणून मराठी शिकवताना बाकी सगळी चिन्हं थांबली तरी चालतील; पूर्णविराम हाताला लागेपर्यंत पुढे जाऊ नका.

टिंब कुठे द्यायचं हे शोधायला मराठीनंच एक सोय करून ठेवली आहे. आपलं क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. मुलाला त्याच्याच मजकुरातली 'आला', 'आलो', 'पुसलं', 'केली' अशी क्रियापदं गोल करायला सांगा. गोल जिथे पडला, तिथे टिंबाची शक्यता. प्रत्येक गोलापुढे थांबून ते मोठ्यानं वाचेल आणि स्वतःच ठरवेल.

आता त्या 'आणि मग'कडे वळू. त्यावर लाल रेघ मारण्याआधी जरा जुन्या दप्तरात डोकावा. मोडीत लिहिताना शब्दाशब्दांत जागा सोडत नसत आणि विरामचिन्हंही नसत. तरी पत्रं वाचली जात, कळत. कारण थांबायच्या जागा शब्दच दाखवत: मजकुराला वळण द्यायचं तर 'तरी', 'ऐसियास', संपवायचं तर 'जाणिजे', 'कळावे', 'हे विनंती'. आज आपण वापरतो ती चिन्हं इंग्रजीच्या वळणानं एकोणिसाव्या शतकात रुळली. मोल्सवर्थच्या कोशाला हात लावणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी त्यासाठी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिलं, १८५० साली. म्हणजे मराठी लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी टिंबाचं काम शब्दाकडून करून घेतलं. तिसरीतलं मूलही तेच करतं. त्याचं 'आणि मग' हाच त्याचा पूर्णविराम आहे! वाक्य संपलं हे त्याला नेमकं कळलेलं आहे, खूण तेवढी लांबलचक आहे. त्याला सांगा, "तू जिथे 'आणि मग' म्हणतोस, तिथे टिंब दे आणि पुढे चल." ही एक सूचना निम्मी वही सुधारते.

टिंबाच्या आणखी तीन अडचणी आहेत, त्या खास आपल्या लिपीच्या.

एक: मुलाला टिंब आधी भेटतं ते अनुस्वाराचं. तेव्हा दोन्हींची ओळख एकत्र करून द्या. डोक्यावरचं टिंब नाकातून बोलतं, पायाशी बसलेलं टिंब तोंड मिटवतं.

दोन: आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात, म्हणून मुलं पूर्णविरामही मध्येच अधांतरी टांगतात. दुरेघी वहीत टिंब खालच्या रेघेवर बसवायला शिकवा. ते शेवटच्या अक्षराला लागून द्यायचं, आणि जागा सोडायची ती त्याच्यानंतर. टिंब एकटं पुढच्या ओळीवर जाऊ द्यायचं नाही.

तीन: हरिपाठाच्या, आरतीच्या पुस्तकात मुलाला उभी रेघ दिसते. पुढे हिंदीच्या पुस्तकातही तीच दिसते. तळेगाव, लोणावळ्याच्या शाळांत हिंदी बोलणाऱ्या घरची मुलंही असतात. ती मराठीतही रेघ देतात. ही चूक अज्ञानाची नाही, दुसऱ्या सवयीची आहे. हिंदीत वाक्य संपलं की रेघ, मराठीत टिंब, एवढं सरळ सांगून टाका.

प्रश्नचिन्ह: 'काय' दिसला म्हणून देऊ नका

'काय, कोण, कुठे, कधी असलं की प्रश्नचिन्ह', हा नियम मुलांना फार लवकर सांगितला जातो आणि तो फसवतो. ही वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून बघा:

काय पडलं?
काय पाऊस पडतोय!
आजी कुठे गेली ते मला माहीत नाही.
जेवलास?

पहिल्यात 'काय' आहे आणि प्रश्न आहे. दुसऱ्यात 'काय' आहे, पण कुणी काही विचारत नाही. तिसऱ्यात 'कुठे' आहे, तरी सगळं वाक्य मिळून एक माहितीच देतं. चौथ्यात प्रश्नाचा एकही शब्द नाही, आणि तो तर रोजचा प्रश्न! इथेही कसोटी तीच: उत्तर हवं आहे का? हवं असेल तर चिन्ह.

'का' या अक्षराची गंमत मुलांना हमखास आवडते. "येतोस का?" याला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरतं. "का येतोस?" याला कारण द्यावं लागतं. 'का'ला नुसतं उचलून पुढे-मागे ठेवा आणि मुलांना उत्तरं द्यायला लावा. वाक्यातली जागा बदलली की अर्थ बदलतो, हे त्यांना न सांगता कळेल.

उद्गारचिन्हाबद्दल एवढंच: मोबाईलवर एकाजागी चार-चार बघून मुलं तीही उधळतात. एका वाक्याला एक, आणि एका पानावर दोन-तीन, असं शिधावाटप करा. कुठे खर्च करायचं याचा विचार त्यांचं त्यांना करू द्या.

स्वल्पविराम: दम लागला म्हणून नाही

'वाचताना दम लागेल तिथे स्वल्पविराम', असं आपल्यातल्या बहुतेकांना शिकवलं गेलं. श्वासाचा अभ्यास करायचा तर लोणावळ्यात कैवल्यधाम आहे, १९२४ पासून तेच काम करतं. स्वल्पविरामाचं काम वेगळं. तो शब्दांना चिकटू देत नाही. मोठ्यानं वाचताना त्याच्यापाशी एक आकडा आणि पूर्णविरामापाशी दोन आकडे मोजायला हरकत नाही, पण लिहिताना तो द्यायचा अर्थासाठी. लहान मुलांना त्याच्या तीन जागा दाखवल्या की झालं.

पहिली जागा यादीची. पुणे-लोणावळा लोकलनं रोज ये-जा करणाऱ्या मावळातल्या मुलाला हे तोंडपाठच असतं: तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा. मुलांना ओळीनं उभं करून एकेका स्टेशनाचं नाव द्या. गाडी प्रत्येक स्टेशनावर थोडी थांबते, तो स्वल्पविराम. शेवटच्या दोन नावांचा 'आणि'नं हात धरलाय, म्हणून तिथे स्वल्पविराम नको. लोणावळ्याला लोकल रिकामी होते, तो पूर्णविराम.

दुसरी जागा हाकेची. फळ्यावर लिहा: 'दादा ताई आली'. मग विचारा, कोण आलं? "दादा, ताई आली." यात दादाला हाक मारून बातमी दिली, आली ती एकटी ताई. "दादा-ताई आले." यात दोघंही दारात. क्रियापद बदललं, मधली खूणही बदलली. संयोगचिन्हाची ओळख इथे आपोआप होऊन जाते.

तिसरी जागा सगळ्यात मजेची. दुपारी आई शाळेतून आलेल्या मुलाला विचारते, "डबा खाल्ला नाहीस?" मूल म्हणतं, "नाही खाल्ला." म्हणजे डबा तसाच आहे. पण तेच मूल जरा थांबून म्हणालं, "नाही, खाल्ला." तर डबा रिकामा! डबा उघडायच्या आधी आईला उत्तर कळतं, ते केवळ त्या इवल्याशा थांब्यावरून. मुलांकडून दोन्ही उत्तरं म्हणवून घ्या, मग लिहून घ्या. स्वल्पविरामानं अर्थ फिरतो, हे पटवायला यापेक्षा मोठं उदाहरण लागत नाही.

अवतरणचिन्ह: घरच्या बोलीला घर

तिसरी-चौथीत अवतरणचिन्ह घ्यायला हरकत नाही. चित्रकथेत पात्राच्या तोंडापाशी फुगा असतो, तिथून सुरुवात करा. आई आणि मूल काढा, दोघांचे फुगे भरा. मग फुगे पुसून टाका आणि बोललेले शब्द ओळीत आणा. फुग्याची उरलेली दोन टोकं म्हणजे अवतरणचिन्हं. फुग्यात जे नव्हतं ते चिन्हांच्या आत येत नाही, हा नियम मुलं मग कधी विसरत नाहीत. बोलण्याला दुहेरी चिन्ह आणि एखादा शब्द उठून दाखवायचा असेल तर एकेरी.

या चिन्हाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. मावळातल्या कितीतरी घरांत आई "कुठे होतास?" असं म्हणत नाही, ती म्हणते, "आरं, कुटं हुतास?" ठाकर, कातकरी वस्तीवरच्या मुलाची बोली तर आणखी निराळी. वहीत ती बोली दिसली की आपण खोडतो, आणि मूल बोलणं लिहायचंच सोडून देतं. त्याऐवजी सांगा: चिन्हांच्या बाहेर पुस्तकातली मराठी, चिन्हांच्या आत तुझी आई जशी बोलली तश्शी. प्रमाण भाषा शिकवण्यासाठी घरची भाषा पुसावी लागत नाही.

वही तपासताना

तुम्ही स्वतः चिन्हं भरून देऊ नका. मुलानं जसं लिहिलंय तसंच, न थांबता, एका दमात त्याला वाचून दाखवा. तुमची धाप बघून ते हसेल आणि पेन्सिल उचलेल. एका वेळी एकच चिन्ह तपासा. पूर्णविरामाचा महिना असेल तर त्या महिन्यात हुकलेल्या स्वल्पविरामाकडे काणाडोळा करा. एका मिनिटात किती शब्द वाचले हे मोजण्याच्या नादात मुलं टिंबांवरून उड्या मारत जातात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वेगाचं नाव न काढता, थांबून वाचणाऱ्याचं कौतुक करा.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं बोलण्याचा खेळ, पाच मिनिटं गोष्टीचं पान आवाज देऊन वाचणं, पाच मिनिटांत स्वतःची दोन वाक्यं. दुसरीत पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह, मग उद्गारचिन्ह, त्यानंतर स्वल्पविराम, शेवटी अवतरणचिन्ह. अर्धविराम आणि अपूर्णविराम मोठ्या वर्गांसाठी ठेवा. आणि सुरुवातीला पाहिलेला तो मजकूर मुलानं स्वतःच पुन्हा लिहिला, तर असा दिसतो:

काल खूप पाऊस आला. आम्ही भिजत घरी आलो. आई म्हणाली, "कुठे होतास?" मी म्हणालो, "ओढ्यावर." आईने डोकं पुसलं आणि भजी केली.

एक 'आणि' राहिला आहे. राहू द्या. डोकं पुसणारी आणि भजी तळणारी आई एकच आहे.

सहल कार्ल्याला गेली, तर

एकवीरेच्या देवळाशेजारच्या चैत्यगृहात मुलं जातातच. तिथल्या ओसरीत ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलेला एक लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्याचा अर्थ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर. वाक्य संपल्याची खूण नाही, उद्गाराची नाही, कसलीच नाही.

मुलांना त्या उंच कमानीखाली उभं करा, अर्थ सांगा आणि विचारा, भूतपालानं हे वाक्य कसं म्हटलं असेल? आपल्या आजोबांसारखं शांतपणे, की अंगणात धावणाऱ्या पोरासारखं? वर मान करून छताच्या लाकडी फासळ्या बघत काही मुलं टिंब मागतील, काही उद्गारचिन्ह. दोन्ही बाजूंना कारण विचारा. मुलं कारण देऊ लागली, की समजा विरामचिन्हं शिकवून झाली.